वेशीजवळचे दहा फूट

माझ्या थोरल्या नणंदबाई नगरपालिकेच्या नगररचना खात्यात ट्रेसर होत्या. ट्रेसर म्हणजे काय, हे मला लग्न होऊन या घरात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर निळसर, चकचकीत, आरपार दिसणारं कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईने त्यावर उतरवायची. चुकलं तर ब्लेडच्या कोपऱ्याने शाई खरवडायची, पण कापडाला भोक पडता कामा नये. त्या कापडाला पाणी सोसत नाही. घामाचा थेंब पडला तरी पांढरा डाग उठतो. म्हणून वन्सं उन्हाळ्यात मनगटाखाली रुमाल ठेवून काम करत आणि टेबलाच्या चार हातांत कुणाला पाण्याचा पेला आणू देत नसत.

खात्यात त्या एकट्याच बाई. त्यांच्या मागे सगळे त्यांना सरळबाई म्हणत. पट्टी न लावता वीतभर रेघ त्या अशी ओढत की पट्टी लावून तपासणाऱ्याने खजील व्हावं. बोलणंही तसंच. लग्न का नाही केलंत, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मोजून पाहिलं, बसत नव्हतं." विचारणारी बाई मग विषय बदलायची आणि आम्ही दोघी घरी येईपर्यंत हसायचो.

आमचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्यांत हे, मी आणि वन्सं. हे वन्संपेक्षा नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे घरात खरा शब्द वन्संचाच. मला सुरुवातीला त्यांची भीती वाटे. पण महिन्याभरात कळलं, की ही बाई रागावली तर तोंडावर रागावते आणि उठली की विसरते. अशा माणसाबरोबर राहायला सोपं जातं. देवाने मला ते सुख दिलं, हे मी आजही मानते.

मी सांगतेय ते माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाचं. शहरात तेव्हा बसगाड्या नव्याने वाढत होत्या आणि घोडागाड्या, हातगाड्या अजून कमी झाल्या नव्हत्या. सगळ्यांना जायचं असे ते जुन्या वेशीतून. वेस तीनशे वर्षांची, दगडी, तिची कमान अकरा फूट रुंद. आठ फुटांची बस त्यातून गेली की बाजूला मांजरसुद्धा उभं राहू शकत नसे. दोन्ही बाजूंना एकेक हवालदार शिट्टी घेऊन उभा. इकडच्या गाड्या सोडायच्या तेव्हा तिकडच्या थांबवायच्या. बाजाराच्या दिवशी थांबलेल्यांची रांग थेट टपाल कचेरीपर्यंत जाई.

खात्यात नवे साहेब आले होते. वय पस्तीसही नसेल, बाहेर शिकून आलेले, हुशार आणि घाईचे. त्यांनी वेशीपाशी तीन दिवस माणसं बसवून गाड्या मोजल्या. तासाला चारशे बारा. मग त्यांनी शहराचा नवा आराखडा केला. त्यांचा नियम असा, की गाड्यांचा रस्ता वीस फुटांच्या खाली नको, नाहीतर दोन गाड्या एकमेकींना ओलांडणार कशा? वेशीच्या शेजारी, वेस आणि धान्याच्या जुन्या कोठाराची भिंत यांच्यामध्ये, एक मोकळी पट्टी होती. रस्ता वेशीला वळसा घालून त्या पट्टीतून काढता येईल का, हे साहेबांनी पाहिलं. नकाशावर ती पट्टी भरली चौदा फूट. चौदातून दोन गाड्या जात नाहीत. तेव्हा वेस पाडायची, असं ठरलं. गुरुवारी नगरपालिकेची सभा होती आणि त्यात ते मंजूर व्हायचं होतं.

वेशीच्या बाजूने बोलणारे होते, नाही असं नाही. इतिहास शिकवणारे एक निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी वेशीखाली उभे राहून भाषण करत. कोण राजा कुठून आत आला, कोण कुठे पडला, ते सांगत. लोक ऐकत, हळहळत आणि बस आली की बसमध्ये चढत. फुटांत मात्र कुणीच बोलत नव्हतं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी वन्संच्या बढतीच्या कागदावर सही व्हायची होती. ट्रेसरच्या त्या ड्राफ्ट्समन होणार होत्या. खात्यात तोवर कुणी बाई ड्राफ्ट्समन झाली नव्हती. वन्संनी अठरा वर्षं दुसऱ्याने मारलेल्या रेघांवर रेघा मारल्या होत्या. ड्राफ्ट्समन झाल्यावर कोऱ्या कागदावर स्वतः काढायचं होतं. त्या बोलून दाखवत नसत, पण महिनाभर आधीच एक नवी पेटी आणून ठेवली होती. कंपास, काटे, पेनं, सगळं मखमलीत बसवलेलं. रोज संध्याकाळी उघडून पुसायच्या आणि परत बंद करायच्या.

आदल्या शनिवारी वन्संना घरी यायला अर्धा तास उशीर झाला. आल्या त्या चपला न काढता खुर्चीवर बसल्या. मी चहा ठेवला, तो गार झाला. दुसरा केला, तोही गार झाला.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"बसची रुंदी किती?" त्या म्हणाल्या.

"मला काय माहीत? रुंद असते."

"आठ फूट. कडब्याची गाडी सहा फूट. झाले किती?"

"चौदा."

"आणि मध्ये एक माणूस सायकल धरून उभा होता. अंग न चोरता उभा होता गं. मी खिडकीतून पाहिलं."

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी दुपारी कमानीखाली एक ट्रक बंद पडला होता. हवालदारांनी पट्टीत उभ्या असलेल्या हातगाड्या आणि कडब्याच्या पेंढ्या हटवून गाड्या तिथून सोडल्या. वन्संची बस त्या पट्टीतून गेली आणि समोरून आलेली कडब्याची गाडी बाजूने आरामात निघून गेली. चौदा फुटांत हे बसणं शक्यच नव्हतं. आणि तो चौदाचा आकडा ज्या नकाशातून आला, तो नकाशा वन्संच्या हातचा होता.

सहा वर्षांपूर्वी शहराचे अकरा जुने कागद जोडून त्यांनी एकच मोठा नकाशा ट्रेस केला होता. एक इंच म्हणजे चाळीस फूट, असं त्याचं प्रमाण. त्यातला आठवा कागद कधीकाळी ओल धरलेल्या भिंतीशी ठेवलेला. भिजला, वाळला आणि आक्रसला. त्यामुळे सातव्या कागदावर कोठाराची भिंत जिथे संपत होती, तिथून ती आठव्यावर सुरू व्हायच्या ऐवजी वेशीकडे पाव इंच सरकून सुरू होत होती. वन्संनी तेव्हा विचारलं होतं. खात्यातले वयाने मोठे ड्राफ्ट्समन, ज्यांना सगळे काका म्हणत, ते म्हणाले होते, "जुळवून घ्या हो बाई. पाव इंचाने शहर बुडत नाही." वन्संनी सातव्यावरची भिंत पाव इंच वेशीकडे ओढली आणि रेघा जुळवल्या. सातवा कागद बरोबर होता, आठवा चूक. त्यांनी बरोबर असलेला चुकीच्या बाजूला नेला.

"पाव इंच म्हणजे दहा फूट," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने दहा फूट नाहीसे झाले."

हे तोवर घरी आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "ताई, नक्की आहे का हे? बसच्या खिडकीतून पाहून नकाशा खोटा ठरवतेस?"

"म्हणूनच उद्या मोजायचं," वन्सं म्हणाल्या.

खात्याची टेप सुट्टीच्या दिवशी विनापरवानगी आणणं त्यांना पटेना. माझी शिवणाची टेप त्यांनी हातात घेतली, ताणून पाहिली आणि परत दिली. "ही तुझ्यासारखी आहे, ओढली की लांबते." शेवटी त्यांनी खिडकीवरचा पडद्याचा दांडा काढला, पोलादी पट्टीने सहा फूट मोजले आणि जास्तीचा भाग यांच्याकडून करवतीने कापून घेतला. पडदा त्यानंतर वर्षभर खिळ्यांवर होता, तो भाग वेगळा.

रविवारी उजाडताच आम्ही दोघी वेशीपाशी. एक टोक वन्संनी वेशीच्या दगडाला टेकवायचं, दुसऱ्या टोकाला मी खडूने खूण करायची, मग दांडा उचलून पुढे. तिथला गवतवाला पेंढ्यांवर बसून दात घासत होता.

"काय बाई, वेशीला पडदा लावताय होय?"

"वेस लाजाळू आहे, भाऊ," वन्सं म्हणाल्या. "पाय घ्या वर, खूण पुसतेय."

त्याने पाय वर घेतले. एक घोडागाडी आली तर हवालदाराने, आम्ही कोण ते न विचारता, हात दाखवून तिला थांबवलं. गाडीवान कुरकुरला, तेव्हा हवालदार म्हणाला, "सरकारी काम चाललंय, दिसत नाही का?" पडद्याचा दांडा बघून त्याला ते सरकारी कसं वाटलं, देव जाणे. बहुतेक वन्संच्या चेहऱ्यामुळे.

दांडा चार वेळा टाकला. चौथ्यांदा त्याचं टोक कोठाराच्या भिंतीला लागलं. चोवीस फूट. वन्संनी पुन्हा उलट्या बाजूने मोजलं. चोवीसच.

"चला, एक तरी खरं ठरलं," असं म्हणून त्यांनी हात झटकले. मला वाटलं होतं, त्या रडतील. उलट आदल्या दिवसाचा पडलेला चेहरा गेला होता. परत येताना वाटेत मी देवळाशी थांबले, तर त्याही थांबल्या. एरवी "तू ये, मी पुढे होते" म्हणणारी बाई. आत आल्या नाहीत, पण थांबल्या.

घरी यांनी सरळ विषय काढला. "शुक्रवारी सही आहे. शनिवारी सांगितलंस तर?"

"गुरुवारी वेस पाडणं मंजूर होतंय."

"मंजूर झालं म्हणजे लगेच कुदळ पडते का? महिनाभर तरी लागेल."

"आणि त्या महिन्यात मी ड्राफ्ट्समन म्हणून त्याच नकाशावर सही करू?"

यांनी कापलेल्या दांड्याचा तुकडा उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाले, "अठरा वर्षं झाली गं ताई."

"मला ठाऊक आहे किती झाली ती," वन्सं म्हणाल्या.

सोमवारी त्या आधी काकांकडे गेल्या. हे सगळं त्यांनी संध्याकाळी मला जसंच्या तसं सांगितलं. काकांनी दार लोटून घेतलं.

"बाई, सहा वर्षांत कुणाला दिसलं नाही."

"मला दिसलं."

"मी तेव्हा काय म्हणालो होतो, त्याचा काही कागद आहे का?"

"नाही. तुम्ही बोललात, रेघ मी मारली. साहेबांना मी रेघेचं सांगणार आहे. बोलण्याचं तुमचं तुम्ही बघा."

काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. वन्सं साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब चिडले. चिडणारच. तीन महिने त्यांनी त्या नकाशावर घालवले होते. टेबलावर पुठ्ठ्याची वेस होती आणि पुठ्ठ्याचाच नवा रस्ता, ती वेस उचलली की बरोबर बसेल असा केलेला. म्हणाले, "बाई, तुम्ही कशाने मोजलंत?"

"पडद्याच्या दांड्याने."

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. कपाटातून पोलादी टेप काढली आणि हॅट घेतली. वन्संनी टेपचं एक टोक धरलं. ट्रेसर आणि साहेब मिळून भर दुपारी रस्ता मोजताहेत म्हटल्यावर माणसांचं कडं पडलं. गवतवाल्याने सगळ्यांना सांगितलं, की काल याच बाई पडदा लावायला आल्या होत्या.

"तेवीस फूट दहा इंच," साहेब म्हणाले. "तुम्ही चोवीस म्हणालात. दोन इंच चुकलात."

"दांडा होता, साहेब. टेप नव्हती."

साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी हॅटखाली दाबलं. चालता चालता म्हणाले, "गुरुवारपर्यंत हा भाग नव्याने काढून मिळेल?"

"मिळेल. पण बाकीचे सांधेही मोजून घ्या. एका ठिकाणी जुळवलं, तर आणखी कुठे जुळवलं नसेन कशावरून?"

असं स्वतःविरुद्ध कुणी मागून घेतं का? वन्संनी घेतलं. मोजणीदार दोन दिवस फिरले. शाळेच्या कोपऱ्यावर दोन फुटांचा फरक निघाला, बाकी सगळं ठीक. वन्संनी तीन दिवसांत नवं कापड ताणून वेशीचा भाग पुन्हा काढला. कापडाच्या कोपऱ्यात ट्रेसरने आद्याक्षरं घालायची पद्धत असते. दुरुस्त प्रत असेल तर सोबत 'दुरुस्त प्रत' एवढंच लिहितात. वन्संनी लिहिलं, 'मूळ चूक व दुरुस्ती', आणि खाली पूर्ण नाव.

गुरुवारच्या सभेला मी वरच्या सज्जात जाऊन बसले. हातात जपमाळ नव्हती, म्हणून पदराआड बोटांवर नाम मोजत बसले. साहेब उभे राहिले आणि माणूस किती खरा आहे ते तेव्हा दिसलं. म्हणाले, "मी मांडलेला रस्ता चुकीच्या मापावर होता. वेशीशेजारी चौदा नव्हे, जवळजवळ चोवीस फूट आहेत. गाड्या बाजूने नेता येतील, कमानीतून लोक पायी जातील. वेस पाडण्याची सूचना मी मागे घेतो."

सभेत एकच गलका. एक जाडजूड सभासद उठले. "दहा फूट कमी दाखवले! कुणी? नाव सांगा. शहर काय खात्याच्या खिशात आहे?"

साहेब बोलायला गेले, पण मागच्या बाकावर वन्सं गुंडाळलेला नकाशा घेऊन बसल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या. कर्मचाऱ्यांनी सभेत बोलायचं नसतं. त्या बोलल्या.

"मी."

"तुम्ही कोण?"

"ट्रेसर. भिंत मी सरकवली. नकाशावर पाव इंच."

"म्हणजे बाईंच्या पाव इंचापायी वेस पडणार होती!" सभासदांनी सगळीकडे बघून हात पसरले. लोक हसले.

"हो," वन्सं म्हणाल्या. "आणि आज पडत नाही, ती तो पाव इंच सापडला म्हणून. तुम्ही रोज तिथून जाता ना? मग तुम्हाला कसं दिसलं नाही?"

इतिहासाचे मास्तर सज्जात माझ्या शेजारीच होते. "हे मला सुचायला हवं होतं," असं म्हणत ते कपाळावर हात मारत राहिले. दोन महिने भाषणं केली होती बिचाऱ्यांनी. मतं पडली. वेस राहिली.

शुक्रवारी सही झाली नाही. त्याऐवजी एक पाकीट आलं: मोठी चूक झाल्यामुळे बढती तीन वर्षं पुढे ढकलली आहे. वन्संनी ते मोठ्याने वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं. यांचा संताप अनावर. "खरं बोललीस त्याची ही शिक्षा!"

"खरं बोलल्याची नाही, चुकल्याची आहे," वन्सं म्हणाल्या. "ती बरोबर आहे. तीन वर्षं जरा जास्त आहेत." आणि मग त्या आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं आणि तासभर बाहेर आल्या नाहीत. आम्हीही हाक मारली नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे धुतलेले होते आणि त्यांनी मला कणखर आवाजात विचारलं, उद्या दूधवाल्याला सुट्टी आहे का.

शनिवारी दुपारी दारावर थाप पडली. काका. तीन मजले चढून आलेले, दम लागलेला. कधी आमच्याकडे आले नव्हते. मी चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "जुळवून घ्या असं मीच म्हणालो होतो."

"हो."

"तुम्ही सभेत माझं नाव घेतलं नाहीत."

"मी माझं सांगायला उभी राहिले होते."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी आयुष्यभर जुळवूनच घेत आलो. कागदाचं, साहेबांचं, घरातलं. चार दिवस झोप नाही. सोमवारी लिहून देईन म्हणतो, की सूचना माझी होती."

मला वाटलं, आता वन्सं म्हणतील, राहू द्या काका, झालं गेलं. मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं, आणि मनातून मोठेपणा मिरवला असता.

"द्या ना," वन्सं म्हणाल्या. "सोमवारी कशाला? आत्ताच द्या."

काका चपापले. मग त्यांना हसू आलं, खरंखुरं. मी कोरा कागद आणला, वन्संनी आपलं पेन पुढे केलं. काका लिहायला बसले. दोन ओळी लिहून थांबले. "तारीख कुठली घालू? ते तर सहा वर्षांपूर्वीचं."

"आजची घाला. तेव्हा कुठे लिहून दिलं होतंत?"

त्या कागदाने तीन वर्षांचं एक वर्ष झालं. साहेबांनी स्वतः शेरा मारला. पुढच्या वर्षी वन्सं ड्राफ्ट्समन झाल्या. काकांना ताकीद मिळाली. ती त्यांनी निवृत्तीपर्यंत सगळ्यांना अभिमानाने दाखवली. पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. काकांनी लिहून संपवलं, कागद वन्संपुढे सरकवला आणि गार झालेली बशी एका घोटात रिकामी केली. वन्संनी कागद डोळ्यांजवळ धरून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला आणि परत त्यांच्याकडे ढकलला.

"सही राहिली," त्या म्हणाल्या.